गळाच्या काठीचा स्टँड घरी करताय? आधी काठाची माती बघा

प्रश्न विचारणारा भाऊ सोलापूरचाच आहे. त्याचं म्हणणं थोडक्यात असं: काठी ठेवायला चाळीस मिलिमीटरचा पीव्हीसी पाइप आणि जमिनीत ठोकायला दहा मिलिमीटरची सळई घेऊन त्यानं घरी दोन स्टँड केले. हिप्परग्याच्या तळ्यावर ते महिनाभर छान चालले. मग मे महिन्यात उजनी धरणाच्या बॅकवॉटरला, करमाळ्याच्या बाजूला बसला आणि दिवस मावळताना एक काठी रिळासकट, स्टँडसकट पाण्यात गेली. आता पाइप जाड घ्यावा, सळई बाराची घ्यावी की स्टेनलेसचा तयार स्टँड आणावा, असं तो विचारतोय.

भाऊ, काठी गेल्याचं वाईट वाटलं. माझीही गेलेली आहे आणि ती चुटपुट बरेच दिवस जात नाही. पण तुम्ही लिहिलंय ते नीट वाचा. पाइप फुटला नाही, सळई वाकली नाही, दोघांचा जोडही सुटला नाही. सगळं शाबूत राहिलं आणि जसंच्या तसं पाण्यात गेलं. म्हणजे सुटली ती जमीन. पाइप जाड केल्यानं जमिनीची पकड वाढत नाही. तुमचा खरा प्रश्न असा आहे: एकाच आठवड्यात मी तीन तऱ्हेच्या काठांवर बसतो, तर स्टँड धरून कसा राहील?

मी अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत यंत्रमागांवर फिटर म्हणून नोकरी केली आणि सुट्टीच्या दिवशी गळ घेऊन बाहेर पडलो, याला तीस वर्षं होऊन गेली. स्टँड किती केले याचा हिशेब नाही. काही टिकले, काही भंगारात गेले. इथे जे सांगतोय ते त्यातून आलेलं आहे. तुमची काठी किती फुटी, रीळ कोणतं, कोणत्या माशासाठी बसता, यावर मापं थोडी इकडेतिकडे होतील. मी आठ फुटी काठी, खाली लटकणारं स्पिनिंग रीळ आणि रोहू, कटला, सायप्रिनस असे मोठे मासे धरून चालतोय. नुसत्या चिलापीसाठी बसत असाल तर यातला निम्मा खटाटोप लागत नाही.

आधी मातीचं बोलू. हिप्परग्याचं तळं, म्हणजे अडिला नदी अडवून केलेला इंग्रजांच्या काळातला एकरुख तलाव. त्याच्या काठाला तुम्ही जिथे बसता तिथे वर मातीचा थर आणि खाली मुरूम असणार. अशा जागी दहाची सळई वीतभर खाली मुरमात जाऊन अडकते आणि घट्ट उभी राहते. त्यामुळे आपला स्टँड भक्कम आहे असं वाटतं. प्रत्यक्षात भक्कमपणा मुरमाचा असतो.

उजनीचं तसं नाही. मे महिन्यात बातम्यांत आपण ऐकतो ना, ‘उजनी मायनसमध्ये गेली’, त्याचा अर्थ पाणी ६३.६६ टीएमसीच्या मृतसाठ्याच्या खाली उतरलं. पाणी उतरलं की काठ लांब आत सरकतो, आणि तुम्ही बसता ती जागा मुळात काठ नसतेच, ती धरणाच्या पोटातली गाळाची जमीन असते. वरून वाळून तडे गेलेली दिसते, पायाला टणक लागते, आणि टीचभर खाली लोण्यासारखी मऊ. त्यात सळई हाताच्या जोरानं जाते, तेव्हा आपल्याला बरं वाटतं. पण जी सळई विनासायास आत गेली ती तितक्याच विनासायास आडवी होते. दहा मिलिमीटरची गोल सळई गाळातून सुरीसारखी कापत पुढे जाते. चाळीस सेंटीमीटर आत ठोकली तरी तिच्यासमोर मातीचा पट्टा बोटभरच रुंद असतो.

हेच काम लोखंडी अँगलनं करून बघा. २५ बाय २५ बाय ३ चा अँगल, म्हणजे दोन्ही पाती पंचवीस मिलिमीटरची. तो असा ठोकायचा की त्याची धार, म्हणजे दोन पाती जुळतात ती कड, आपल्याकडे राहील आणि उघडी बाजू पाण्याकडे. तेव्हा मातीला अडणारी रुंदी सुमारे पस्तीस मिलिमीटर होते. सळईच्या साडेतीनपट. वजन मीटरला एक किलोच्या आसपास, म्हणजे बाराच्या सळईपेक्षा फारसं जास्त नाही. शिवाय गोल सळई जागच्या जागी फिरते, अँगल फिरत नाही. काठी वाऱ्यानं वळून तंगूस, म्हणजे गळाचा दोरा, रिळाला गुंडाळला गेल्याचा अनुभव तुम्हाला असेलच. ते फिरणंही यात बंद होतं.

गाळासाठी मी अँगलला आणखी एक गोष्ट करतो. तीन मिलिमीटर पत्र्याचा एक तुकडा, साधारण ८ बाय १२ सेंटीमीटर, अँगलला आडवा वेल्ड करून घेतो, असा की ठोकल्यावर तो जमिनीच्या लगेच खाली जाईल. त्याला मी पंख म्हणतो. खुंटी आडवी व्हायला लागते तेव्हा सगळ्यात जास्त हालचाल वरच्या थरात होते, म्हणून पंख वर हवा, टोकाशी नाही. टोकाशी लावला तर ठोकताना घाम निघतो आणि फायदा थोडा. कोपऱ्यावरचा कुठलाही फॅब्रिकेशनवाला हे काम दहा मिनिटांत करून देतो.

कोरड्या काळ्या रानाची गोष्ट तिसरी. काळी माती पाणी प्यायली की फुगते आणि वाळली की आकसून तिला भेगा पडतात. भेग दिसली की लोक त्यातच खुंटी घालतात, कारण तिथे ती आयती जाते. तसं कधी करू नका. दोन भेगांच्या मधलं ढेकूळ धरा, त्याच्या मध्यावर घणाचे चार ठोके द्या. मेहनत होते, पण ती खुंटी संध्याकाळी उपटताना तुम्हाला पहार लागेल.

आता खुंटीचा कल. आषाढीला आपल्या जिल्ह्यातून दिंड्या जातात, त्यांच्या राहुट्या उभारताना बघितलं असेल. राहुटीची खुंटी कधी सरळ ठोकत नाहीत. तिचं डोकं राहुटीपासून लांब झुकलेलं असतं आणि टोक राहुटीच्या बाजूला घुसलेलं. दोर ओढला की खुंटी वर यायच्या ऐवजी जमिनीत दाबली जाते. आपल्यालाही तेच हवंय. डोकं आपल्याकडे झुकलेलं, टोक पाण्याच्या बाजूला गेलेलं. पण तुमच्या स्टँडमध्ये हे जमणारच नाही, कारण सळई आणि पाइप एकाच रेषेत आहेत. सळई मागे कलवली तर काठीही मागे कलते, गळ आकाशाकडे. म्हणून तुम्ही ती पाण्याकडे कलवली असणार, म्हणजे नेमकी निसटायच्या दिशेनं.

एका रेषेतला हा नळी-खुंटीचा स्टँड मुळात समुद्रकिनाऱ्याचा आहे. तिथे फुटणाऱ्या लाटांच्या वरून दोरा जावा म्हणून काठी उंच आणि उभी ठेवावी लागते, आणि वाळूत मीटर-मीटर लांब नळी खुपसता येते. मोबाइलवर बघून आपण तो जसाच्या तसा उचलला. आपल्या तळ्यांवर लाट नाही, म्हणजे एवढ्या उंचीची गरज नाही. आणि उंचीची किंमत काय मोजावी लागते ते बघा. आठ फूट म्हणजे २४० सेंटीमीटर. काठी उभी असेल तर शेंडा जमिनीपासून साधारण २६० सेंटीमीटरवर जातो. मासा एक किलोच्या जोरानं ओढतोय असं धरा. जमिनीतली खुंटी चाळीस सेंटीमीटर. म्हणजे वर अडीच मीटरची पहार आणि खाली हातभर टोक, अशा तरफेनं मासा तुमची खुंटी उपटतोय. तीच काठी तीस अंशावर आणली की शेंडा १४० सेंटीमीटरच्या आसपास येतो. पिळवटणारा जोर जवळजवळ निम्मा झाला, एक रुपया खर्च न करता.

तीस अंश मोजायला कोनमापक नको. काठीवर बुडापासून साठ सेंटीमीटर मोजा. तिथे काठी बुडापेक्षा तीस सेंटीमीटर उंच असली की तीस अंश झाले.

पण काठी खाली आणली की दुसरी अडचण येते आणि ती बरेचजण विसरतात. काठी उभी असताना मासा तिला वाकवतो. आडवी असताना तो तिला लांबीच्या दिशेनं ओढतो, म्हणजे काठी नळीतून बाणासारखी सुटते. माझी काठी अशीच गेली. खुंटी जागेवर, नळी जागेवर आणि नळी रिकामी. त्यानंतर मी एक खुंटी सोडून दोन आधारांवर आलो. मागे नळी, पुढे बेचकी. आजही मी तोच स्टँड वापरतो आणि तुम्हीही तोच करा असं मनापासून सांगतो.

मागच्या खुंटीसाठी तोच २५ चा अँगल, लांबी ७० सेंटीमीटर. त्यातला ४५ जमिनीत जाईल. खालचं टोक ग्रायंडरनं तिरकं कापून घ्या. नळीसाठी ३० सेंटीमीटर पाइप. शेतीचे पीव्हीसी पाइप आपल्याकडे बाहेरच्या मापानं ओळखतात, म्हणजे चाळीसचा पाइप बाहेरून चाळीस मिलिमीटर असतो, आतून कमी. दुकानात जाताना काठी बरोबर न्या आणि तिचा बुडखा, म्हणजे रिळामागचा भाग, प्रत्यक्ष घालून बघा. बुडख्याला जाड फोम असेल तर पन्नासचा घ्यावा लागतो.

ही नळी खुंटीला थेट बांधू नका. २५ सेंटीमीटर अँगलचा एक तुकडा घ्या, त्याच्या खोबणीत नळी ठेवा आणि दोन होज क्लिपांनी आवळा. चाळीसचा पाइप पंचवीसच्या अँगलमध्ये दोन्ही पात्यांना टेकून बरोबर बसतो, डुलत नाही. पन्नासच्या पाइपाला तीसचा अँगल लागतो, नाहीतर तो नुसता कडांवर तरंगतो. क्लिप साठ मिलिमीटरपर्यंत उघडणारी घ्या, पन्नासच्या पाइपाला ऐंशीपर्यंतची. अँगलच्या कडा कानशीनं मारून घ्या, नाहीतर क्लिपची पट्टी कडेवर कापली जाते. आता हा पाळणा खुंटीच्या डोक्याला आठच्या एकाच बोल्टनं लावा, वर विंग नट. एकच बोल्ट कसा पुरेल असं वाटेल. पुरतो, कारण कोन धरून ठेवायचं काम बोल्टचं नाहीच, ते पुढच्या बेचकीचं आहे. पाळणा थोडा हलता राहिलेला चांगला, काठी स्वतःची बैठक शोधते.

नळीच्या तळाला टोपण लावू नका. आत गाळ आणि पाणी साचतं आणि बुडख्याचा कॉर्क कुजतो. तळापासून दोन सेंटीमीटर वर आरपार भोक पाडून सहाचा बोल्ट घाला. काठी त्यावर टेकते, पाणी खालून निघून जातं.

नळीच्या तोंडाला रिळाच्या पायासाठी खाच लागते. इथेच सगळे पाइप फुटतात, कारण लोक करवतीनं दोन उभे काप घेऊन मधला तुकडा मोडतात आणि तळाला दोन टोकदार कोपरे राहतात. पीव्हीसीला तडा नेहमी अशा कोपऱ्यातूनच जातो. आधी खाचेच्या तळाशी एक गोल भोक पाडा, रिळाच्या पायाच्या रुंदीचं. मग तोंडाकडून त्या भोकापर्यंत दोन काप घ्या. तळ गोल राहिला की तडा सुरू व्हायला जागाच मिळत नाही. शेवटी पॉलिश पेपर फिरवा.

पुढच्या बेचकीत मन लावून करण्यासारखं थोडंच आहे. आठची साधी गुळगुळीत सळई वाकवून पाच सेंटीमीटर रुंद, आठ सेंटीमीटर खोल असा यू करा आणि तो दहाच्या सळईच्या ७० सेंटीमीटर तुकड्यावर वेल्ड करा. बांधकामाची टॉर सळई घरी वाकवत बसू नका, ती कडक असते, गुळगुळीत सळई शेगडीवर तापवून सहज वळते. यूला सायकलच्या जुन्या ट्यूबची पट्टी गुंडाळा, नाहीतर काठीच्या रंगाला आणि मग फायबरला ओरखडे जातात. वेल्डिंग नकोच असेल तर बाभळीची चांगली बेचकी तोडा. वेड्या बाभळीला तोटा नाही, आणि कित्येक वर्षं आपण त्यावरच मासे धरलेत. फक्त एक ध्यानात ठेवा. मासा ओढतो तेव्हा बेचकी खाली दाबली जाते आणि मागची नळी वर उचलली जाते. म्हणून गाळात बेचकीच्या सळईला जमिनीच्या पातळीवर तळहाताएवढा पत्रा लावा, किंवा खाली चपटा दगड ठेवा. नाहीतर ती तासाभरात मुंगीच्या पावलानं रुतत जाते.

आता यातलं सगळ्यात महत्त्वाचं माप. बेचकी रिळाच्या पुढे पंधरा सेंटीमीटरवरच ठोका, मीटरभर पुढे नाही. कारण असं की मासा काठी पुढे ओढतो, काठी सरकते आणि पंधरा सेंटीमीटरवर रिळाचा पाय बेचकीच्या सळईवर येऊन अडतो. बुडखा नळीत तीस सेंटीमीटर होता, त्यातला पंधरा अजून आतच असतो. पुढे रीळ अडलं, मागे बुडखा धरलेला. काठी जाऊ शकत नाही. बेचकी लांब ठोकली तर रीळ तिथे पोचायच्या आत बुडखा नळीबाहेर पडलेला असतो. हे पंधरा सेंटीमीटर मला समजायला दोन हंगाम लागले.

तुमच्या काठीचा बुडखा, म्हणजे रिळाच्या पायापासून मागच्या टोकापर्यंतची लांबी, तीसपेक्षा कमी भरत असेल तर नळीही तेवढीच ठेवा आणि बेचकीचं अंतर त्याच्या निम्मं करा.

एवढं करूनही मी प्रत्येक काठीला दावं लावतो. गाय कितीही गरीब असली तरी दाव्याशिवाय आपण तिला उघड्यावर ठेवत नाही. दीड मीटर नायलॉनचा दोर, एक टोक रिळाच्या बैठकीच्या मागे काठीला, दुसरं टोक वेगळ्या छोट्या खुंटीला. स्टँडच्याच खुंटीला बांधलं तर स्टँड सुटल्यावर दावंही गेलं. हा दोर लागलाच तर एकदाच लागतो, पण त्या दिवशी तो काठी वाचवतो.

आणि ब्रेक. भाऊ, तुमच्या प्रश्नात रिळाच्या ब्रेकचा उल्लेख कुठेच नाही, म्हणून मला शंका आहे की तो आवळलेला होता. काठी हातात असताना आपण जेवढा ब्रेक ठेवतो तेवढा स्टँडवर ठेवायचा नसतो. हातात आपण वाकतो, पुढे जातो, सैल सोडतो. स्टँडला यातलं काही येत नाही. भाजीवाल्याकडे असतो तसा स्प्रिंगचा काटा तंगूसाला अडकवा आणि काठी स्टँडवर ठेवूनच ओढा. चारशे-पाचशे ग्रॅमवर रीळ फिरायला लागलं पाहिजे. मासा लागला, रीळ करकरलं, तुम्ही काठी उचलली आणि मग ब्रेक आवळला, हा क्रम. वर मी एक किलोचा जोर धरला होता, तो ब्रेक अर्ध्यावर आणला की जमिनीवरचा सगळा हिशेब आपोआप अर्धा होतो. मोठा कटला पहिल्या झटक्यात किती ओढेल हे आपल्या हातात नाही, आपण त्याला किती ओढू द्यायचं ते आपल्या हातात आहे.

इथवरचं पुन्हा एका दमात: गोल सळईऐवजी अँगल, गाळात पंख, खुंटीचं डोकं आपल्याकडे कललेलं, काठी तीस अंशावर, मागे नळी, रिळापुढे पंधरा सेंटीमीटरवर बेचकी, वेगळ्या खुंटीला दावं, सैल ब्रेक.

आता जिथे खुंटीच जात नाही त्या जागा. सोलापूरच्या आसपास उघडा काळा खडक खूप, दगडखाणीच्या डोहांवर तर नुसता खडकच. तिथे घण घेऊन झगडू नका, तिकाटणं करा. अँगलचे किंवा जाड बांबूचे तीन पाय, वरच्या टोकाला एकत्र बांधलेले, त्यावर तोच पाळणा आणि पुढे सरकवलेला एक पाय, ज्याला बेचकी लावता येईल. तिकाटण्याला वजनानं धरायचं असतं. युरियाची रिकामी गोणी तिथल्याच दगडांनी भरा आणि मधोमध टांगा, जमिनीला जेमतेम टेकेल अशी. शेंडा दीड मीटरवर, ओढ एक किलो आणि पुढचा पाय मध्यापासून पस्तीस सेंटीमीटर पुढे असेल तर शांत ओढीला साडेचार किलो वजन पुरतं. झटका याच्या दोन-तीन पट असतो, म्हणून मी पंधरा किलोच्या खाली कधी ठेवत नाही. दगड तिथेच मिळतात, घरून फक्त गोणी न्यायची.

पाइपाबद्दल तुम्ही विचारलंत, त्यावर एवढंच. पीव्हीसी वाईट नाही, पण आपल्याकडचं ऊन वाईट आहे. एप्रिल-मेमध्ये पारा ४० च्या वर असतो, आणि स्टँड वर्षभर गच्चीत किंवा गाडीच्या कॅरियरवर पडून राहिला तर पाइप खडूसारखा पांढरा होतो आणि ठिसूळ बनतो. एक हात ऑइलपेंट मारा आणि सावलीत ठेवा, चार-पाच वर्षं जातो. त्याहून चांगली युक्ती सांगतो. गावाकडे कुणाचा तुषार सिंचनाचा जुना काळा पाइप पडलेला असेल तर तो मागा. तो एचडीपीईचा असतो, त्यात काजळी मिसळलेली असते म्हणून त्याला ऊन लागत नाही, आणि आपटला तरी तडकत नाही. मात्र त्याला पाइपाचं सोल्युशन चिकटत नाही, कितीही लावा. बोल्ट आणि क्लिपनंच जोडायचा. तो बहुधा ६३ किंवा ७५ चा मिळतो, आपल्याला मोठा पडतो, तेव्हा आत सायकल ट्यूबचे वेढे देऊन बुडखा बसवावा लागतो. स्टेनलेसचा तयार स्टँड दिसायला देखणा आहे, गंजत नाही, पण मी पाहिलेल्यांतले बहुतेक एका रेषेतलेच, म्हणजे तुमच्या पहिल्या स्टँडचंच चकचकीत रूप.

ठोकाठोकीबद्दल एक गोष्ट कळकळीनं सांगायची आहे. उजनीच्या काठाला शेतकऱ्यांच्या मोटारी आहेत, ओळीनं. पाणी खाली गेलं की मोटारी आत सरकवतात आणि त्यांच्या केबली काठावरून, कधी गाळाखालून, कधी गवतातून गेलेल्या असतात. जोड दिलेल्या, टेप गुंडाळलेल्या. तुम्ही तिथे लोखंडी अँगल घणानं ठोकताय. बसायच्या आधी दोन्ही बाजूंना तीस-चाळीस पावलं चालून बघा, मोटार कुठे, स्टार्टरची पेटी कुठे, केबल कुठून येते. शंका आली की जागा बदला. दुसऱ्याच्या पाइपलाइनला भोक पडलं तर तेही नुकसान मोठं, उन्हाळ्यात तर त्याच्या उसाचा प्रश्न असतो. वर विजेच्या तारा असतील तर कार्बनची काठी उंच करू नका, कार्बनमधून वीज वाहते. आणि वळवाचे ढग दाटले, गडगडाट ऐकू आला, की स्टँडवरच्या काठ्या आडव्या करा आणि पाण्यापासून लांब जा. मासा लागलेला असला तरी.

भीमेच्या पात्रात खाली बसत असाल तर आणखी एक. उजनीतून नदीत पाणी सोडतात, तेव्हा पात्रातलं पाणी चढतं. पाण्याच्या कडेला लावलेला स्टँड आणि मागे ठेवलेली पिशवी दोन्ही पाण्यात येतात. बसल्यावर कडेला एक काडी रोवून ठेवा, पाणी तिच्यापुढे आलं की उठा.

तलाव बहुतेक मच्छीमार संस्थांकडे ठेक्यानं असतात, तेव्हा तिथल्या माणसाला विचारून, लागेल तो पास घेऊन बसा. धरणाच्या भिंतीवर, पिचिंगच्या दगडांत आणि दरवाज्यांजवळ स्टँड लावायला जाऊच नका. निघताना सगळ्या खुंट्या मोजून उपटा. गाळात राहिलेला अँगल पाणी चढल्यावर दिसत नाही, आणि मग तो कोळ्याच्या जाळ्यात, म्हशीच्या खुरात किंवा पोहणाऱ्या पोराच्या पायात जातो. मी खुंट्यांची डोकी लाल रंगवली आहेत, अंधारातही बॅटरी मारली की मोजता येतात. तुटलेला तंगूसही गोळा करून घरी आणा. हिवाळ्यात उजनीला रोहित पक्षी उतरतात, त्यांच्या पायांना तो सुटत नाही.

नवा स्टँड झाला की पहिल्याच दिवशी गळ टाकू नका. काठावर ठोका, काठी ठेवा, तंगूस ओढून मित्राला तीस पावलं लांब उभं करा आणि ब्रेक पूर्ण आवळून त्याला स्प्रिंगच्या काट्यावर दोन किलोपर्यंत हळूहळू ओढायला सांगा. मग दोन-चार झटके. तुम्ही खुंटीपाशी बसून मातीकडे बघा, काठीकडे नाही. खुंटीच्या मागे केसाएवढी फट पडली तरी ती वाढणार, तेव्हा उपटून दोन हात बाजूला पुन्हा ठोका. ही तपासणी हिप्परग्याला एकदा आणि उजनीला एकदा, दोन्हीकडे वेगळी करा. तुमच्या बुडख्याची लांबी आणि रिळाच्या पायाची रुंदी मोजून कळवा, नळी आणि खाचेचं नेमकं माप काढून देतो.